तुम्ही विचारलंत म्हणून: सलाईन चालू आहे, मग जेवण कशाला?

रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला नातेवाइकांकडून सतत ऐकायला मिळतो आणि त्यामागे बाटली लावली की ताकद येते, हा पक्का विश्वास असतो. साध्या सलाईनमध्ये पाणी आणि मीठ असते, कॅलरी शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीतून शंभर कॅलरीसुद्धा मिळत नाहीत आणि प्रथिने तर मुळीच नाहीत. साठ किलो वजनाच्या आजारी माणसाला मात्र दिवसाला साधारण 1500 ते 1800 कॅलरी आणि 70 ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात (मूत्रपिंडाच्या काही विकारांत हा हिशेब बदलतो). ही तूट शरीर स्वतःचे स्नायू मोडून भरून काढते, म्हणून जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग बळावतो आणि अंगाने भरलेला दिसणारा माणूसही कुपोषित असू शकतो.

स्वित्झर्लंडमधील आठ रुग्णालयांतल्या, कुपोषणाचा धोका असलेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहाराकडे व्यक्तिशः लक्ष दिले गेले, त्यांच्यात तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे 7 टक्के होते. इतरांत ते 10 टक्के होते. तिथे महागडे औषध वापरलेले नव्हते.

आपल्या वॉर्डात अडते ते फार साध्या गोष्टींवर. सुई नेमकी उजव्या हाताला टोचलेली असते आणि डाव्या हाताने आजोबांना चपाती तोडता येत नाही. कवळी घरीच राहिलेली असते. सोनोग्राफीला नेलेले असताना ताट येते आणि तसेच परत जाते. कागदावर जेवण दिल्याची नोंद होते, किती खाल्ले याची होत नाही, आणि ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते.

म्हणून दाखल करतानाच, गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरले आणि भूक कधीपासून मंदावली, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. खाण्याची परवानगी असेल तर नुसत्या पातळ पेजेवर न ठेवता तूप घातलेली मऊ मुगाची खिचडी, दही, उकडलेले अंडे असे थोडे थोडे, पण वारंवार द्यावे. मात्र रुग्णाने बरेच दिवस जवळजवळ काहीच खाल्लेले नसेल, तर एकदम भरपूर खाऊ घालू नये. रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने घसरून हृदयाला धोका होऊ शकतो, त्यामुळे तपासण्या आणि थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) यांच्या जोडीनेच आहार हळूहळू वाढवावा लागतो.