गोठलेल्या तळ्यात मुद्दाम उतरताना

गोठलेल्या तळ्यावर चालायचे असेल तर आधी त्यात पडून बाहेर येता आले पाहिजे, ही आमच्या प्रशिक्षकांची अट मला सुरुवातीला अतिरेकी वाटली होती.

सकाळ बर्फ मोजण्यात गेली. दर काही पावलांवर पहारीचा घाव घालायचा आणि ती आरपार गेली तर आल्या वाटेने मागे फिरायचे. काचेसारख्या स्वच्छ, टणक बर्फाचा थर किमान 10 सेंटीमीटर भरला तरच एका माणसाने त्यावरून पायी जावे. हिम मिसळून गोठलेला पांढरा बर्फ साधारण निम्म्याच ताकदीचा असल्याने त्याची जाडी दुप्पट हवी, असे त्यांनी सांगितले. मी मात्र आजवर पांढरा तो घट्ट असे समजत होते. नदीवर तर एका ठिकाणच्या मोजमापावर भिस्त ठेवता येत नाही, कारण प्रवाह खालून बर्फ झिजवत असतो आणि पुलाच्या खांबांजवळ किंवा ओढा येऊन मिळतो तिथे दोन पावलांत जाडी बदलते.

दुपारी बर्फ कापून केलेल्या चौकोनात, लाइफ जॅकेट घालून आणि कमरेला दोर बांधून, मी उतरले. पहिले एक मिनिट श्वास ताब्यात आणण्याचे, पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय चालण्याची, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास, हा हिशेब मला तोंडपाठ होता. पाण्यात पडताच तो साफ विसरला. छातीतून आपोआप मोठी धाप निघाली, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असते तर काय झाले असते हे मला त्याच वेळी कळले. धाप ओसरेपर्यंत नुसते तरंगत राहणे हेच तेव्हाचे काम होते. ते मला सर्वांत अवघड गेले.

मग पोहण्याच्या तलावाच्या काठावर चढावे तशी मी हातांवर जोर देऊन वर उठू लागले आणि कड दोनदा तुटली. आले त्याच दिशेला तोंड करायचे, कारण तिकडच्या बर्फाने आपले वजन पेलले होते. पाय मागे झाडत शरीर आडवे करायचे आणि दोन्ही हातांतले टोचे, म्हणजे मूठ असलेले अणकुचीदार खिळे, बर्फात रोवत पुढे सरपटायचे. माझे टोचे खिशात, तेही चेन लावलेल्या, आणि बोटे बधिर! ते गळ्यात का अडकवतात हे मी विचारलेच नव्हते. बाहेर आल्यावरही मी लगेच उभी राहिले, तेव्हा प्रशिक्षक ओरडले, कारण वजन पसरलेले राहावे म्हणून लांबपर्यंत लोळतच जायचे असते.

कोरडे कपडे चढवून मी काठावरून दोर फेकण्याच्या सरावाला बसले. बुडणाऱ्याकडे चालत जायचे नाही, दोर त्याच्या डोक्यापलीकडे पडेल असा फेकायचा. माझे पहिले तिन्ही दोर अलीकडेच पडले.