गोल धरला का?

"तुम्ही एवढ्या फुटबॉलवेड्या, मग त्या व्हीएआरवर तुमचा एवढा राग का? चुका कमी होतात, हे चांगलंच की." हा प्रश्न मला ऑफिसात ऐकावा लागतो, लग्नाच्या पंगतीत ऐकावा लागतो. (व्हीएआर म्हणजे खोलीत बसून पडद्यावर रिप्ले बघून मैदानावरच्या पंचाला चूक सांगणारा पंच.) आणि आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पंचांनी एखादा गोल नाकारला, की मागच्या पायरीवरची पोरं हमखास विचारतात, "काय ताई, आता पायजे होता का न्हाई व्हीएआर?" दर वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी बोलते आणि ते अर्धवट राहतं. आज नीट सांगते, तुम्ही विचारलंत म्हणून.

सुरुवात आबांपासून करावी लागेल. आबा म्हणजे माझे वडील. काचबिंदूनं त्यांचा डावा डोळा पूर्ण गेला आहे आणि उजव्या डोळ्याला नळीतून बघावं तेवढंच दिसतं. तरीही हंगाम सुरू झाला की दुपारी तीनला ते टोपी घालून दारात उभे असतात. मी सहावीत असताना त्यांनी मला हाताला धरून स्टेडियमवर नेलं होतं. आता मी त्यांना नेते. ते मॅच कानानं बघतात. कॉर्नर मिळाला की गॅलरी एक क्षण दबते, ते त्यांना कळतं. बॉल पोस्टला लागून बाहेर गेला की "आऽऽ" असा आवाज चढतो आणि मधेच पडतो, तेही कळतं. आणि गोल झाला की आवाज त्या जाळीमागच्या पायऱ्यांवरून उठून दोन्ही बाजूंनी फिरत आमच्यापर्यंत येतो. तो पोहोचायच्या आत आबा उभे असतात. डोळे शाबूत असलेली मी त्यांच्या मागून उठते.

आता 22 नोव्हेंबर 2022 ची दुपार. अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया, आपल्याकडे साडेतीनला सुरू. मंगळवार होता, मी अर्धी रजा टाकली होती. वर्ल्डकपच्या दिवसांत कोल्हापूरच्या गल्ल्या कशा रंगतात हे सांगायला नको. आमची गल्ली आकाशी-पांढरी. तालमीच्या हॉलमध्ये पडदा लावला होता, शे-सव्वाशे माणसं जमिनीवर दाटीवाटीनं बसलेली. आबांना भिंतीकडेला खुर्ची दिली होती. दहाव्या मिनिटाला मेस्सीनं पेनल्टी मारली. ती पेनल्टीसुद्धा व्हीएआरनंच दिली होती, हे मी लपवणार नाही. पण त्यानंतर हाफ टाइमच्या आत अर्जेंटिनानं आणखी तीनदा बॉल जाळीत टाकला आणि तिन्ही वेळा ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना फॉरवर्ड बचाव करणाऱ्यांच्या पुढे. लौतारो मार्टिनेझचा एक गोल तर धरलाही गेला होता. हॉल उसळला, पोरांनी एकमेकांना उचललं, कुणीतरी ताशा बडवायला घेतला. आबा उभे राहून दोन्ही हात वर करून ओरडत होते. आणि मग पडद्यावर राखाडी रंगाची ती कॉम्प्युटरनं काढलेली माणसं आली. मार्टिनेझचा खांदा-दंड जेमतेम पुढे होता.

"काय झालं गं?"
"काढला, आबा. ऑफसाइड."
"लाइन्समनचं निशाण वर हुतं?"
"नव्हतं."
"मग?"

या "मग?"चं उत्तर मला त्या गोंगाटात देता आलं नाही. तिसऱ्यांदा बॉल जाळीत गेला, तेव्हा हॉल पुन्हा उसळला, पण आबा खुर्चीतून हलले नाहीत. मी त्यांच्याकडेच बघत होते. पुढे अर्जेंटिना ती मॅच 1-2 हरली, ते दुःख वेगळं आणि ते वर्ल्डकप जिंकल्यावर विरूनही गेलं. पण फायनलला डी मारियानं तो देखणा गोल केला, सगळी गल्ली फटाक्यांनी हादरली, तेव्हा आबांनी आधी माझं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं, "धरला का?" मी हो म्हटल्यावर ते ओरडले. तोपर्यंत ओरडण्याची वेळ निघून गेली होती.

माझा राग तिथून आला आहे. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत गोल होतात दोन, फार तर तीन. कित्येकदा एकही नाही. माणूस उन्हात दीड तास बसतो तो त्या एका आवाजासाठी. त्या आवाजावरचा भरवसा काढून घेतला, की बाकी राहतं ते थांबून खात्री करून घेणं. क्रिकेटचं उदाहरण मला नेहमी दिलं जातं, की डीआरएस आपण स्वीकारलाच ना. पण क्रिकेट प्रत्येक चेंडूनंतर थांबतंच. त्या थांब्यात रिव्ह्यू बसतो, वर थर्ड अंपायर काय बोलतोय ते घरबसल्या ऐकू येतं. फुटबॉलला असा थांबा नाही. व्हीएआर आला तो वाहत्या खेळात बांध घालून. आणि मैदानावर बसलेल्या माणसाला बराच काळ काही सांगितलंच जात नव्हतं. पंच कानाला हात लावून उभा आणि साठ हजार लोक त्याच्या तोंडाकडे बघत. पंचानं निर्णय माइकवर बोलून सांगायची पद्धत वर्ल्डकपमध्ये आली ती 2023 च्या महिला वर्ल्डकपला. व्हीएआर 2018 च्या रशिया वर्ल्डकपपासून होता. पाच वर्षं लागली बघणाऱ्याला दोन वाक्यं सांगायला!

"पण चूक तर टळते ना?" याचं उत्तर मी टाळणार नाही, कारण चुकीचा चटका मला माहीत आहे. मी दहावीत असतानाची गोष्ट. उपांत्य सामना, शेवटची दहा मिनिटं, आमच्या फॉरवर्डचा हेडर बारला लागून खाली आपटला आणि गोलकीपरनं तो बाहेर ओढला. आम्ही जाळीच्या अगदी रेषेत बसलो होतो. बॉल फक्कीच्या आत पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आत पडल्यावर फक्कीची धूळ जाळीच्या बाजूला उडाली होती. पंचांनी खेळ चालू ठेवला. आम्ही एका गोलनं हरलो आणि ती रात्र मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंच चहाच्या गाड्यावर भेटले. आबांनी त्यांच्या समोर उभं राहून विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मी लांब हुतो, मला दिसला न्हाई. गोल असंल तर माझं चुकलं." आबांनी त्यांच्या चहाचे पैसे दिले. मला तेव्हा आबांचा संताप आला होता. आज वाटतं, त्या एका वाक्यानं तो विषय जेवढा मिटला, तेवढा तो कुठल्याही पडद्यानं मिटला नसता.

याउलट इंग्लंडमधली 30 सप्टेंबर 2023 ची टॉटनहॅम-लिव्हरपूल मॅच घ्या. लिव्हरपूलच्या लुईस डियाझनं गोल केला, लाइन्समननं, म्हणजे कडेच्या पंचानं, चुकून ऑफसाइड दिला. व्हीएआरच्या खोलीतल्या माणसानं तपासलं, खेळाडू ऑफसाइड नव्हता हे त्याला बरोबर दिसलं. पण मैदानावर गोल दिलाच आहे अशा समजुतीत त्यानं "तपासणी पूर्ण" असं कळवलं. मैदानावरच्या पंचाला वाटलं, ऑफसाइड कायम. खेळ सुरू झाला आणि एकदा खेळ सुरू झाला, की नियमानं मागे जाता येत नाही. खोलीतल्यांना काही सेकंदांत चूक कळली होती, तरी हात बांधलेले. लिव्हरपूल 1-2 हरलं. एवढे कॅमेरे, एवढ्या रेषा, आणि शेवटी काय, तर दोन माणसांनी एकमेकांना नीट विचारलं नाही. ते बोलणं लोकांना ऐकवलं गेलं तेही काही दिवसांनी. चूक राहिलीच, फक्त ती दिसणार नाही अशा खोलीत गेली. त्या खोलीबाहेर चहाचा गाडा नाही.

ऑफसाइडबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथं मला खरंच अन्याय दिसतो. हा नियम कशासाठी? फॉरवर्डनं गोलपाशी तळ ठोकून बसू नये म्हणून. 1990 साली नियम मुद्दाम सैल केला: बचाव करणाऱ्याच्या बरोबरीत असलेला फॉरवर्ड ऑफसाइड नाही. म्हणजे शंका असेल तर गोल करणाऱ्याला सूट. 2022 च्या त्या कतारच्या वर्ल्डकपला छताखाली 12 कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा मोजले जात होते आणि बॉलमधला सेन्सर सेकंदाला 500 वेळा खबर देत होता. इतकं बारीक मोजल्यावर बरोबरीत असा कुणी उरतच नाही. कुणाचा गुडघा, कुणाची बगल, काहीतरी पुढे निघतंच. नियमाची अक्षरं तीच राहिली, पण 1990 ची ती सूट कुणी न विचारता काढून घेतली. त्यात लाइन्समनना सांगून ठेवलेलं, की थोडी शंका असली तरी निशाण लगेच वर करू नका, हल्ला पुरा होऊ द्या. मे 2025 मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबचा तायवो अवोनियी अशाच एका हल्ल्यात पोस्टवर आदळला. त्याचा साथीदार आधीच ऑफसाइड होता, पण निशाण वर झालं नव्हतं. त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली, त्याला औषधानं बेशुद्ध ठेवावं लागलं.

आणि हा राग काही माझ्या एकटीचा नाही. नॉर्वेत जुलै 2024 मध्ये प्रेक्षकांनी मैदानावर माशाचे वडे फेकून मॅच बंद पाडली. स्वीडनमध्ये क्लबची सत्ता सभासदांच्या हाती आहे. तिथल्या सभासदांनी व्हीएआर येऊच दिला नाही. इंग्लंडमध्ये वूल्व्हज या क्लबनं तो काढायचा ठराव मांडला, तर बाकीचे 19 क्लब विरोधात गेले. तिथं मत क्लबच्या मालकांचं होतं, पायरीवर बसणाऱ्याचं नव्हतं.

मी यंत्राच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका. 2010 च्या वर्ल्डकपमध्ये इंग्लंडच्या लॅम्पार्डचा बॉल जर्मनीच्या गोलमध्ये हातभर आत पडला आणि पंचांना दिसला नाही. त्यानंतर गोललाइनचं यंत्र आलं, 2014 च्या वर्ल्डकपला वापरलं गेलं. बॉल पूर्ण आत गेला की सेकंदाच्या आत पंचाच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं. वाद नाही, थांबणं नाही, गॅलरीचा आवाज मधे तुटत नाही. माझ्या दहावीतल्या त्या गोलला हेच हवं होतं. उद्या शाहू स्टेडियमवर कुणी ते बसवलं, तर मी पहिली टाळी वाजवीन. मागून कुणाला लाथ मारली आणि पंचांची पाठ होती, तर तेही दाखवा त्यांना, एकदा, मिनिटभरात, आणि काय ठरलं ते भोंग्यावरून मराठीत सांगा. पण हात बॉलला लागला की बॉल हाताला, धक्का होता की अंगाला अंग घासलं, हे समोर उभ्या माणसानं ठरवावं, आणि त्याला आम्हाला विचारता यावं.

मागच्या हंगामात एका रविवारी चारची मॅच होती. ऊन पाठीवर, भडंगाचा कागद आबांच्या मांडीवर. बरोबरी चालली होती आणि मी फोनमध्ये घरून आलेला मेसेज बघत होते. समोरच्या जाळीमागून आवाज उठला. मी मान वर करेपर्यंत शेजारची जागा रिकामी होती, भडंग पायरीवर सांडलं होतं आणि आबा दोन्ही हात वर करून उभे होते. मला त्यांनी काही विचारलं नाही.