दोन कॉलम, आठ सेंटीमीटर

महिनाअखेर होती, जूनचा पाऊस कोसळत होता. पणजीतल्या पाटोवरच्या आमच्या ऑफिसात मी एका कारखान्याचा मीडिया रिपोर्ट, म्हणजे महिनाभरात त्याच्याबद्दल काय छापून आलं याचा अहवाल, संपवत आणला होता. पाचपर्यंत पाठवायचा होता. कंपनीला मिळालेल्या पुरस्काराची बातमी इंग्रजी दैनिकांत फोटोसह झळकली होती, त्यामुळे एव्हीईचा, म्हणजे बातमीच्या जागेच्या जाहिरात-किमतीचा, आकडा चांगलाच फुगला होता.

एव्हीईचा हिशेब सोपा आहे. बातमीने व्यापलेली जागा चौरस सेंटीमीटरमध्ये मोजायची आणि त्या पानाच्या जाहिरात दराने गुणायची. तेवढीच जाहिरात दिली असती तर किती पैसे पडले असते, एवढंच त्यातून कळतं. वाचणाऱ्याच्या मनात काय उरलं, हे कळत नाही. 2010 साली बार्सिलोनात या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र येऊन हा आकडा जनसंपर्काचं मोल नव्हे, असं स्पष्ट केलं. तरी क्लायंट तोच आधी विचारतात. काही ठिकाणी तर बातमीवर लोकांचा जास्त विश्वास असतो म्हणून त्याला तिनाने गुणतात. मला हे कधीच पटलेलं नाही.

तेवढ्यात कात्रणं कापणारे आमचे काका आले. हातात एका मराठी दैनिकाचं आतलं पान. “बाये, हें पळय. आमच्या वाठारातली बातमी.”

दोन कॉलम, आठ सेंटीमीटर. रविवारच्या ग्रामसभेत विहिरींच्या पाण्याला वास येतो म्हणून लोक संतापले होते, पाणी तपासण्याचा ठराव झाला होता. बातमीत कंपनीचं नाव नव्हतं. ‘वसाहतीतील कारखाना’ एवढंच. नावावरून बातम्या शोधणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरला ती सापडणार तरी कशी? गावात मात्र प्रत्येकाला कारखाना कुठला ते ठाऊक होतं.

मी पट्टी लावली. साधारण चौसष्ट चौरस सेंटीमीटर. सूत्रात घातलं आणि हात थांबला. एव्हीई वाढला होता! विहिरीच्या पाण्याची तक्रार कंपनीच्या कमाईत जमा होत होती. बातमीचा सूर नकारात्मक म्हणून तिचे गुण वजा केले, तरी पुरस्काराच्या ढिगाऱ्यात ते कुठे दिसलेही नसते.

मी एव्हीईचा रकाना काढून टाकला आणि ते कात्रण पहिल्या पानावर लावलं, शेजारी संपूर्ण मजकूर. मग क्लायंटकडच्या सरांना फोन केला.

“मॅडम, दोन कॉलमचं काय घेऊन बसलात? वरती आकडा दाखवायचा असतो मला.”

“सर, पुरस्काराची बातमी तुमच्या क्षेत्रातल्या लोकांनी वाचली. ही तुमच्या गेटसमोरच्या घरांत वाचली गेली. मी वाचून दाखवते, ऐका.”

वाचून झाल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “कुठल्या वाड्यावरच्या विहिरी?” काकांना विचारून मी वाड्याचं नाव सांगितलं.

पुढच्या महिन्यात त्याच पानावर बातमी आली. पंचांसमोर कंपनीने पाण्याचे नमुने घेतले होते. सहा सेंटीमीटर. सर म्हणाले, “हिला सकारात्मक द्या.” तपासणीचा अहवाल अजून यायचा होता. मी ‘तटस्थ’ लिहिलं आणि तसाच रिपोर्ट पाठवला.