कॅरव्हॅन नोंदवही, भाग ४: ऐंशी किलो उतरले, शेपूट शांत झालं

मंडळी, या वेळची नोंद लांबली आहे. मागच्या सहलीत जे झालं त्यानंतर कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं आमचं चाकांवरचं घर, पूर्ण रिकामी करून पहिल्यापासून वजन करायला घेतलं, आणि त्यात दीड महिना गेला.

झालं ते आधी सांगतो. लांब, सरळ उतार होता आणि वेग नव्वदच्या थोडा पुढे. शेजारून एक उंच बस पुढे निघाली. बसच्या तोंडाने रेटलेली हवा कॅरव्हॅनच्या मागच्या कोपऱ्याला लागली आणि शेपूट बाहेर फेकलं गेलं. बस बरोबरीला आली तसं ते आत ओढलं गेलं. बस निघून गेली, पण शेपूट हलतच राहिलं आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत गेला. कोणीतरी मागचा बंपर धरून गाडी डावीउजवीकडे हिसडतंय असं वाटत होतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि ब्रेकला पाय लावला नाही. सहा-सात हेलकाव्यांनंतर, काटा सत्तरच्या खाली आल्यावर, सगळं शांत झालं.

नव्यांसाठी एवढं लिहून ठेवतो. हेलकाव्याच्या उलट स्टिअरिंग फिरवायचा मोह होतो, पण आपला हात नेहमी अर्धा ठेका उशिरा फिरतो आणि हेलकाव्याला आणखी जोर मिळतो. गाडीचे ब्रेक दाबले तर गाडी आधी मंदावते आणि कॅरव्हॅन मागून तिला तिरकी ढकलते. वेग वाढवून गाडी सरळ होईल हा सल्लाही ऐकला आहे. तो धोकादायक आहे, कारण वेग हेच हेलकाव्याचं खाद्य आहे. ज्यांच्या कॅरव्हॅनला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत, त्यांनी गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरवरून फक्त कॅरव्हॅनचे ब्रेक हलके लावावेत. मागून ओढ बसली की जोडी सरळ होते. माझे ब्रेक ओव्हररन पद्धतीचे, म्हणजे कॅरव्हॅन गाडीला रेटायला लागल्यावरच लागणारे. ती सोय माझ्याकडे नाही.

मग गेलो वजनकाट्यावर. कॅरव्हॅनच्या पाटीवर कमाल वजन १३०० किलो आहे. माझा अंदाज १२४०चा होता आणि त्याची मला पूर्ण खात्री होती. काटा २० किलोच्या टप्प्यांनी दाखवतो. त्याने १३४० दाखवलं. माझ्या गाडीचं स्वतःचं वजन १५५०. भरलेली कॅरव्हॅन गाडीच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावी असा युरोपातल्या कॅरव्हॅनवाल्यांमधला जुना संकेत आहे. तो कायदा नाही, पण नवशिक्यासाठी चांगला दंडक आहे. मी ८६ टक्क्यांवर होतो. मात्र पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त वजन हे तर थेट नियमाबाहेरचं, त्यात ‘थोडंसंच’ असं काही नसतं.

त्याहून महत्त्वाचा आकडा घरी मिळाला. साधा न्हाणीघरातला वजनकाटा, त्यावर फळी, फळीवर टो बॉलच्या (गाडीच्या मागचा जोडगोळा) उंचीचा लाकडी ठोकळा. कॅरव्हॅन सपाट जमिनीवर, चाकं पुढून-मागून अडवलेली. पुढचं छोटं चाक हळूहळू वर घेतलं आणि हिच, म्हणजे टो बॉलवर बसणारी कॅरव्हॅनची पुढची जोडणी, ठोकळ्यावर टेकवली. काटा थरथरत ४४वर स्थिरावला. म्हणजे १३४० किलोच्या कॅरव्हॅनचा हिचवरचा भार ३.३ टक्के! युरोपात हा भार ५ ते ७ टक्के असावा म्हणतात. उत्तर अमेरिकेत हिच आणि ट्रेलरची बांधणी वेगळी, तिथे १० ते १५ टक्के सांगतात. माझ्या टो बारची (गाडीमागचा, टो बॉल धरणारा दांडा) मर्यादा ७५ किलो, कॅरव्हॅनच्या हिचची १००. दोन्हींतली लहान तीच आपली. म्हणजे मला सत्तरच्या आसपास हवे होते आणि होते ४४. नाक, म्हणजे कॅरव्हॅनचं हिचकडचं टोक, हलकं; म्हणजे माल एक्सलच्या, चाकांच्या आसाच्या, मागे. त्या हेलकाव्यांचं मूळ मला तिथे दिसलं.

आता गणित. मला यातच सगळ्यात जास्त आनंद मिळाला, म्हणून सविस्तर देतो. हिचपासून एक्सलपर्यंत माझं अंतर ३.६ मीटर. एखादी वस्तू एक्सलच्या मागे जितकी लांब, तितकी ती नाक उचलते, अगदी सी-सॉसारखी. पुढे ठेवावी तेवढं नाक दाबलं जातं. बाहेर लावायचा तंबू २८ किलोचा, एक्सलच्या १.८ मीटर मागे ठेवलेला. तो उचलून थेट एक्सलवर, जमिनीलगत ठेवला की नाकावर २८ गुणिले १.८ भागिले ३.६, म्हणजे १४ किलो वाढणार. पाण्याची ४० लिटरची टाकी एक्सलच्या ०.९ मीटर मागे. लिटरला किलो, म्हणजे ती रिकामी केली की नाकावर १० वाढले. मागच्या कप्प्यातली १७ किलोची हत्यारपेटी गाडीत घेतली: ८ वाढले. डबाबंद सामान आणि पुस्तकं १३ किलो, तीही काढली: जेमतेम ३ वाढले. जास्तीचा गॅस सिलिंडर १० किलोचा, पण तो पुढच्या कप्प्यात होता, त्यामुळे तो काढल्यावर उलट साडेसात घटले. बेरीज ७२ला जवळजवळ टेकत होती. पुन्हा ठोकळा लावून मोजलं तर काटा ७१. कागदावरचं गणित न्हाणीघरातल्या काट्यावर इतकं जुळताना पाहून मी दोनदा मोजलं.

एकूण वजन आता १२६०. ऐंशी किलो उतरले; कॅरव्हॅन आता गाडीच्या ८१ टक्के.

इथे एक इशारा. नाक हलकं आहे म्हणून पुढच्या कप्प्यात वजन टाकून आकडा जुळवणं सोपं असतं. मीही आधी तेच करणार होतो. पण मग माल दोन्ही टोकांना जातो. खांद्यावर कावड घेऊन चटकन वळून पाहा: दोन्ही टोकांचे हंडे आधी वळायला तयार नसतात, आणि एकदा वळले की थांबायला तयार नसतात. तेवढंच वजन पोटाशी धरलं तर माणूस जागच्या जागी वळतो आणि जागच्या जागी थांबतो. हिचवरचा भार दोन्ही रचनांमध्ये सारखा भरू शकतो, पण धक्का बसल्यावर त्या अगदी वेगळ्या वागतात. म्हणून जड सामान खाली आणि एक्सलजवळ, वरच्या कपाटांत फक्त कपडे. मागच्या भिंतीवर सायकली टांगणाऱ्यांनी हे जरूर मोजून पाहावं.

चाकांकडे वळतो, कारण काट्यावर आणखी एक गोष्ट कळली होती. जोडलेल्या अवस्थेत एकेक चाक वेगळं मोजलं होतं. सामान उतरवण्याआधी स्वयंपाकघराच्या बाजूचं चाक ६८०, दुसरं ६२०. टायरवर भाराचा निर्देशांक ९३ होता, म्हणजे एका टायरला ६५० किलो. दोन्ही मिळून १३००, म्हणून मी वर्षभर निश्चिंत होतो. पण टायर बेरीज उचलत नाही, आपापला भार उचलतो. एक टायर ३० किलोने दबलेला होता. फ्रिज, गॅसची शेगडी, सिंक, बॅटरी, सगळं एकाच बाजूला आहे हे आत बसूनही कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्याच टायरच्या बाजूवर बोट फिरवलं तर रबरात केसासारख्या बारीक भेगा लागल्या. नक्षी जवळजवळ नवी. तारखेचा चार आकडी शिक्का ३४१४, म्हणजे २०१४ सालचा चौतिसावा आठवडा. कॅरव्हॅनचा टायर झिजून मरत नाही, उभ्या उभ्या म्हातारा होतो. पाच वर्षांनंतर बदलायचा विचार सुरू करावा आणि सातच्या पुढे ठेवूच नये, हा अनुभवी लोकांचा आडाखा मी आता पाळणार. जर्मनीत कॅरव्हॅनला ताशी ८०ऐवजी १००ची परवानगी हवी असेल तर टायर सहा वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत, यावरून वयाला किती महत्त्व आहे ते कळतं. नवे टायर ९७ निर्देशांकाचे घेतले, एकेकी ७३० किलो. रिमची क्षमता आणि हवेचा दाब त्याला जुळतो का हे आधी तपासलं. स्टेपनीही बदलली. हवा टायर थंड असतानाच मोजायची.

चाकं बसवून नट टॉर्क पान्याने (ठरलेला जोर गाठला की ‘टक्’ करणारा पाना), समोरासमोरचे घेत आवळले. माझ्या पुस्तिकेत ११० न्यूटन-मीटर आहे, तुमचा आकडा तुमच्या पुस्तिकेतून घ्या. पन्नास किलोमीटरनंतर थांबून पुन्हा पाना लावला. आठ नट जागचे हलले नाहीत. डाव्या चाकाचे दोन मात्र पाना ‘टक्’ करायच्या आधी थोडे फिरले. रिमवरचा रंगाचा थर दबला असणार. ते दोन नट तसेच राहिले असते या विचाराने मी तिथेच बराच वेळ बसून राहिलो. हा दुसरा तपास कधीच टाळू नका.

प्रत्येक थांब्यावर हाताची मागची बाजू हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याजवळ, नेऊन पाहतो. दोन्ही सारखे कोमट हवेत. उजवा जास्त तापलेला निघाला, ब्रेक किंचित घासत होता. केबलचा ताण नीट केल्यावर सारखे झाले.

स्टॅबिलायझरबद्दल, म्हणजे हेलकावे दाबणाऱ्या साधनाबद्दल, मागच्या वेळी विचारणा होती. माझी हिच घर्षणाच्या पॅडची आहे, म्हणजे तिच्यातले पॅड टो बॉलला आवळून धरतात. त्यासाठी टो बॉल कोरडा ठणठणीत हवा, ग्रीस अजिबात नाही. माझ्या बॉलवर काळा रंग होता, तो घासून पॅडवर चकचकीत थर झाला होता. बॉल पॉलिश पेपरने धातूपर्यंत साफ केला, पॅडही हलके घासले. माझं ठाम मत: स्टॅबिलायझर मालाची चुकीची मांडणी दुरुस्त करत नाही, फक्त ती जास्त वेगापर्यंत लपवतो. म्हणून तो सगळ्यात शेवटी तपासला.

वेगाची माझी नवी मर्यादा सपाटीवर ८५, उतारावर ७५. ऐंशीवरून शंभरवर गेलं की वेग पावपट वाढतो, पण थांबवायची ऊर्जा ५६ टक्के वाढते. शिवाय वेग वाढतो तशी हेलकावे आपोआप विरण्याची क्षमता कमी होत जाते; एका वेगानंतर ते विरत नाहीत, वाढतात. तो वेग रस्त्यावर शोधायला जायचं नाही. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर, मध्यावर पोचल्यावर नाही.

परवा तोच उतार पुन्हा उतरलो. तिसरा गिअर, काटा ७२. ट्रक गेला, मागोमाग दोन बस गेल्या. शेपूट एकदा बाहेर गेलं, परत आलं आणि थांबलं. आरशात कॅरव्हॅनच्या दोन्ही कडा सारख्या दिसत होत्या.

आता उरलं गाडीचं वजन. टो बॉल मागच्या एक्सलच्या १.१ मीटर मागे आहे आणि दोन एक्सलमध्ये २.६ मीटर, म्हणजे हिचवरच्या ७१ किलोचे मागच्या एक्सलवर सुमारे १०१ होतात आणि पुढच्या चाकांवरून ३० उचलले जातात. त्यात हत्यारपेटी मी डिकीत टाकली होती. ती आता मागच्या सीटच्या पायाशी पट्ट्याने बांधली आहे. रविवारी गाडीचे दोन्ही एक्सल काट्यावर चढवणार. आकडे पुढच्या नोंदीत.