मोठा आहे म्हणूनच सोडायचा

"ताई, मोठा आहे म्हणूनच सोडायचा."

धाकटा भाऊ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर गळ टाकून उभा, मी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी व्हिडिओ कॉलवर. हातातला भलाथोरला स्ट्राइप्ड बास (तिकडचा एक पट्टेरी मासा) त्याने पटकन पाण्यात सोडला. दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

तिथे समुद्रात धरलेला हा मासा 28 ते 31 इंचांमधला असेल तरच घरी न्यायचा, तोही माणशी दिवसाला एकच. 2023 पासूनचा सर्वसाधारण नियम. लहान सोडायचा हे आपल्यालाही कळतं. पण मोठी मादी कितीतरी जास्त अंडी घालते, म्हणून तीही सोडायची!

शिवाय सोडलेल्यांपैकी 9 टक्के मरतात असं धरूनच तिथे एकूण किती मासे गेले याचा हिशेब मांडतात. म्हणून भावासारखे हौशी गळवाले या नियमांवरच्या सुनावणीत बोलतात: मर्यादा हवीच, पण तिचा भार किनाऱ्यावरच्या माणसावर, बोटवाल्यावर आणि धंदेवाल्यांवर न्यायाने पडू दे. मला हे मनापासून पटतं.

आपल्याकडे ठरावीक आकारापेक्षा लहान मासे न धरण्याच्या नियमाला केरळने 2015 मध्ये सुरुवात केली. महाराष्ट्राने 2023 मध्ये माशांच्या 54 जातींचे किमान आकार ठरवले. आणि बडोद्याच्या बाजारात? बोटभर पापलेटांचे वाटे, "तळायला मस्त" म्हणत हातोहात खपतात. माशांच्या विणीसाठी पावसाळ्यात बोटी बंद ठेवायच्या आणि नंतर पिल्लंच विकायची, हे बघवत नाही.

"एवढी लहान आणू नका" असं तुमच्या मासेवाल्याला कधी सांगितलंय का? काय म्हणाला तो?