रिब्जना लागणारा वेळ

पोर्क रिब्ज, म्हणजे डुकराच्या बरगड्या, मी पहिल्यांदा घरी केल्या, तेव्हा ओव्हन २०० अंशांवर तापवून, आधीच बार्बेक्यू सॉस माखून, त्या तासाभरात ताटात वाढल्या होत्या. सॉसमधली साखर जळून वरचा थर काळा आणि कडू झाला होता, आणि मांस हाडाला इतके चिकटून होते की सुरीवाचून एक घास निघेना. ते कच्चे मात्र नव्हते, आणि याच गोष्टीने मला विचारात पाडले.

अखंड कापाचे डुकराचे मांस आत ६३ अंश सेल्सिअसला पोहोचून ३ मिनिटे तसेच ठेवले की ते खाण्यास सुरक्षित मानले जाते. बरगड्यांचे मांस त्या टप्प्यावर चिवटच असते, कारण जनावराच्या श्वासागणिक हलणाऱ्या या भागात कोलॅजन (मांसाला चिवट ठेवणारे प्रथिन) भरपूर असते आणि ते साधारण ७० अंशांच्या पुढे, तेही सावकाश, विरघळून जिलेटिन बनते. म्हणून रिब्ज ९० ते ९५ अंशांपर्यंत न्याव्या लागतात, आणि तिथे हळूहळू पोहोचावे लागते. काही जण वेळ वाचवण्यासाठी त्या आधी उकडून घेतात. मला ते अजिबात पटत नाही, कारण मांसाची निम्मी चव त्या पाण्याबरोबर निघून जाते.

आता मी सर्वांत आधी हाडांच्या बाजूचा पातळ, चकचकीत पापुद्रा काढते. तो शिजून मऊ होत नाही आणि मसाल्यालाही आत जाऊ देत नाही. टोकाच्या हाडावर चमच्याचा दांडा त्याखाली सरकवून कड सुटी करायची आणि ती निसरडी असल्याने कागदी रुमालाने धरून ओढायची. जमले तर पापुद्रा एका दमात, अखंड निघून येतो. मग मीठ, ब्राऊन शुगर, पॅप्रिका, मिरपूड आणि लसणाची पूड चोळून रिब्ज रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते.

ओव्हन १३५ अंशांवर ठेवून पहिले २ तास त्या उघड्याच भाजायच्या. मध्येच, ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान, थर्मामीटरचा आकडा बराच वेळ हलत नाही, कारण पृष्ठभागावरून उडणारी वाफ मांसाला थंड करत राहते. इथे आच वाढवण्याचा मोह आवरावा. त्याऐवजी २ चमचे सफरचंदाचा रस शिंपडून रिब्ज फॉइलमध्ये घट्ट गुंडाळल्या की वाफ कोंडली जाते आणि पुढच्या सव्वा तासात मांस मऊ होते. बेबी बॅक रिब्ज, म्हणजे पाठीच्या कण्याजवळच्या बरगड्या, लहान असल्यामुळे त्यांना एकूण वेळ कमी लागतो.

हाडाची टोके सुमारे १ सेंटिमीटर उघडी पडली, आणि चिमट्याने एका बाजूने उचलल्यावर रिब्जचा अखंड पट्टा वाकून वरच्या पृष्ठभागाला बारीक भेगा पडल्या, की शिजणे पूर्ण झाले असे समजावे. सॉस लावायची वेळ आता येते. शेवटच्या १५-२० मिनिटांत त्याचे दोन पातळ हात दिले, तर तो जळत नाही, आटून चमकदार होतो. बाहेर काढल्यावर १० मिनिटे थांबून, पट्टा उलटा करून कापावा. हाडे त्याच बाजूने दिसत असल्यामुळे सुरी दोन हाडांच्या बरोबर मधून जाते.