अंडी खाल्ली म्हणून काढून घेऊ का?

"एंजल माशांच्या जोडीने पुन्हा अंडी खाल्ली. पुढच्या वेळी काढून वेगळ्या टँकमध्ये ठेवू का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नका काढू. नवी जोडी असेल तर निदान पाच-सहा खेपा थांबा.

आधी ती नर-मादीचीच जोडी आहे ना, ते बघा. दोन माद्याही जोडी जमवतात, मिळून अंडी घालायचं पान साफ करतात, दोघी अंडी घालतात. माझ्याकडे अशी जोडी आठ महिने होती. दर वेळी फळलेली नसल्याने सगळी अंडी पांढरी पडायची, त्या ती खाऊन टाकायच्या, आणि मी त्यांना दोष देत बसायचे. अंडी घालायच्या सुमारास पोटाखाली नळी दिसते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार.

मग पाणी. हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले मासे, मऊ म्हणजे कमी क्षारांच्या पाण्याचे. फार जड पाण्यात अंडी फळत नाहीत. टँकमध्ये प्लेको (तळाशी राहून शेवाळ खाणारा मासा) असेल तर तो हलवा, रात्रीच्या अंधारात तोच अंडी साफ करतो. एखादा मंद दिवा चालू राहू द्या, म्हणजे आईबापांना राखण करता येते.

माझ्या पुढच्या जोडीने चार खेपा अंडी खाल्ली. पाचव्या खेपेला दोघं आळीपाळीने परांनी वारा घालत राहिले, पांढरी पडलेली तेवढीच वेचून काढली. २७-२८ अंशांना अडीच दिवसांत अंडी फुटली. पिल्लं डोक्याकडच्या चिकट धाग्याने पानाला लोंबकळत वळवळत होती. एक निसटून खाली गेलं. नराने ते तोंडात घेतलं, चघळल्यासारखं केलं. गेलं, असं वाटून मी जाळं उचललं होतं. त्याने ते परत पानावर, भावंडांमध्ये फुंकून चिकटवलं. तोंडात घेतलं म्हणजे खाल्लं असं नाही, हे मला तेव्हा कळलं. तुम्हीही जाळं हातात घ्यायची घाई करू नका.

डिस्कस या एंजलच्या नात्यातल्या माशांचं तर विचारूच नका. त्यांची पिल्लं पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरचा स्राव खाऊन जगतात, त्यांना वेगळं काढून वाढवणं फार अवघड.

एंजलची पिल्लं फुटल्यावर चार-पाच दिवस पोटातल्या बलकावर राहतात, मग पोहू लागतात. त्याच दिवशी त्यांना अंड्यातून ताजा फुटलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक कोळंबीसारखा जीव) लागतो. त्याची अंडी मिठाच्या पाण्यात आदल्या दिवशीच घालून ठेवा.